टोचणारीला उचला

मी एक जुनी कोंबडी आहे. हसू नका. 'म्हातारी कोंबडी' म्हटलं की तुमच्यातल्या काहींना लगेच पातेलं आठवतं, हे मला ठाऊक आहे. माणसांच्या मुलांबद्दल मला फारसं प्रेम नाही. 'मित्रांनो' म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणते. मनापासून म्हणायला जरा वेळ लागेल. का, ते ऐका.

मला आई नव्हती. उबवणीच्या यंत्रात, दिव्याच्या पिवळ्या उजेडात मी अंड्यातून बाहेर आले. डोळे धड उघडतात न उघडतात तोच कुणीतरी आम्हां पिल्लांना भोकं पाडलेल्या खोक्यात भरलं आणि मुलींच्या एका शाळेत आणून सोडलं. 'मुलींना जीवसृष्टीची ओळख व्हावी' म्हणून आम्हांला आणलं होतं म्हणे. शाळेच्या मागच्या भिंतीला लागून एका सुतारानं आमचं खुराडं बांधलं. लाकडी चौकट, जाळीची भिंत, आत झोपायला आडवी दांडी. बरोबर डोक्यावर सहावीच्या वर्गाची खिडकी. त्यामुळे त्या वर्गातलं बरंवाईट सगळं माझ्या कानांवर पडायचं. जास्त करून वाईटच.

सुरुवातीला आमचे काय लाड! मधली सुट्टी झाली की जाळीपाशी झुंबड उडायची. मी पहिलं अंडं घातलं, तेव्हा ते वाटीत ठेवून प्रार्थनेच्या वेळी साऱ्या शाळेला दाखवलं. ते दाखवलं सहावीच्या मॉनिटरनं. ही मुलगी अभ्यासात पहिली, बोलण्यात गोड, अक्षर मोत्यासारखं. बाईंच्या गळ्यातला ताईतच. दुसऱ्या दिवशी तिला कोंबडी हातात धरून फोटो काढायचा होता. तिनं उचललं ते नेमकं तांबडीला. तांबडी आमच्यातली सर्वांत दांडगट. तिनं पंख फडफडवले आणि मॉनिटरच्या पांढऱ्या शर्टावर घाण केली. मॉनिटर किंचाळली. मुली हसल्या. सर्वांत आधी आणि सर्वांत मोठ्यानं हसली ती आमचं खुराडं बांधणाऱ्या सुताराची मुलगी. तीही त्याच वर्गातली. तिच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मॉनिटरचे कान लाल झाले होते, तिकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

नव्याचे नऊ दिवस संपले. खुराड्याला वास यायला लागला, पावलोपावली घाण, कोपऱ्यात पिसवा. झाडलोटीची वेळ आली की कुणाचं पोट दुखायचं, कुणाची चप्पल तुटायची. हळूहळू सगळ्या गळाल्या. उरली ती सुताराची मुलगी. ती शाळा भरण्याआधी यायची, खराट्यानं जमीन खरवडायची, पाणी बदलायची, कोंडा टाकायची आणि घंटा झाली की धावत वर्गात जायची. फार बोलायची नाही. 'सरक गं जरा', 'पाय काढ', एवढंच. मला तिचं तेच आवडायचं. उगाच लाडीगोडी नाही आणि कामचुकारपणाही नाही.

एके दिवशी तिच्या वेणीत एक पीस अडकून राहिलं. वर्गात शिरताना मॉनिटरला ते दिसलं.

"खिडकी उघडा गं कुणीतरी," वरून मॉनिटरचा गोड आवाज आला. "खुराडी आली."

वर्ग हसला. त्या दिवसापासून तिचं नाव खुराडी पडलं.

मित्रांनो, त्याच सुमारास आमच्या जाळीच्या आत काय चाललं होतं, तेही सांगते. माझे पिसं झडण्याचे दिवस आले होते. मानेवरची पिसं गळाली, आतली गुलाबी कातडी दिसायला लागली. तांबडीनं ते पाहिलं आणि एक टोच मारली. का मारली? मी तिचं काही घेतलं नव्हतं. दाणेही सगळ्यांना पुरेसे होते. तिनं मारली, मी मान खाली घातली आणि तिला कुणी अडवलं नाही, एवढंच झालं. मग रोज मारायला लागली. एकदा रक्त आलं. रक्त दिसलं की कोंबड्यांची बुद्धी फिरते. ज्यांनी मला कधी धक्का दिला नव्हता, त्याही धावून आल्या. त्यांत पांढरीही होती. पांढरी आणि मी पिल्लू असल्यापासून एकमेकींच्या पंखांत पंख घालून झोपायचो. तिनं जोरात टोचलं नाही. पण टोचलं.

वरच्या वर्गातही तेच. सुताराच्या मुलीची एक जिवाभावाची मैत्रीण होती. दोघी एका बाकावर बसायच्या, एका डब्यात जेवायच्या. खुराडी हे नाव पडल्यावर मैत्रीण आधी थोडी लांब सरकली. मग तिनं बाक बदलला. मग सगळ्या नाक धरायच्या तेव्हा तीही धरायला लागली. घट्ट नाही, नुसतं दोन बोटांनी. पण धरायची.

मधल्या सुट्टीत सुताराची मुलगी खुराड्याजवळच्या पायरीवर एकटी डबा खायला येऊ लागली. एके दुपारी मॉनिटर तिची टोळी घेऊन तिथे आली. आमच्या डब्यातले मूठभर दाणे तिनं घेतले आणि त्या मुलीच्या पायांसमोर फेकले.

"टिप ना," ती म्हणाली. "लाजतेस काय? घरचंच आहे."

सगळ्या 'कुक् कुक्' करायला लागल्या. मला तर त्यांची कीवच आली. कोंबडीची नक्कलसुद्धा धड येत नव्हती. पण त्या मुलीचा घास तोंडातच राहिला. तिनं डब्याचं झाकण लावलं, खाली वाकली आणि जमिनीवरचे दाणे एक एक करून उचलले. दाणे वाया जाऊ नयेत म्हणून उचलले तिनं. पण टोळीला वाटलं, ती खरंच टिपतेय. मग काय विचारता! हसून हसून एकमेकींच्या अंगावर पडल्या.

तुम्ही म्हणाल, तिनं बाईंना का नाही सांगितलं? सांगितलं की. खुराड्यासमोरच सांगितलं.

"बाई, त्या मला नावं ठेवतात."

बाई वाईट नव्हत्या. पण त्यांच्या काखेत वह्यांचा ढीग होता आणि पुढचा तास होता. "दुर्लक्ष कर," त्या म्हणाल्या. "आपण लक्ष दिलं नाही की आपोआप थांबतात."

आपोआप! मी दुर्लक्ष करून माझी मान सोलून घेतली होती. आपोआप काही थांबत नाही, मित्रांनो. आपोआप फक्त वाढतं.

दुसऱ्यांदा सांगितलं तेव्हा बाईंनी दोघींना समोरासमोर उभं केलं. "चला, सॉरी म्हणा. हात मिळवा. झालं गेलं विसरून जा." मॉनिटर लगेच सॉरी म्हणाली, तेही हसतमुखानं. आणि हात मिळवताना तिनं नखं रुतवली. बाईंची पाठ वळल्यावर ती म्हणाली, "पुन्हा चुगली केलीस तर बघ." म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

तिसऱ्यांदा बाईंनी तिची जागाच बदलली. मागच्या कोपऱ्यात, एकटीचा बाक. "तुझ्याच भल्यासाठी," असं म्हणाल्या. त्याच आठवड्यात त्यांचं माझ्या मानेकडेही लक्ष गेलं. त्यांनी मला उचललं, औषध लावलं आणि सामानाच्या खोलीत एका खोक्यात ठेवलं. तेही माझ्याच भल्यासाठी. तिथे अंधार होता. कुणी टोचत नव्हतं, खरं. पण शिक्षा झालेल्यासारखं वाटायचं. माझा गुन्हा काय, ते मात्र कळेना.

मान बरी झाली. मला परत सोडलं. आणि मित्रांनो, दारातून आत पाय ठेवते न ठेवते तोच सगळ्या अंगावर आल्या! इतक्या दिवसांत मी त्यांना परकी झाले होते. माझी दांडीवरची जागा भरून गेली होती. आधी एकटी तांबडी टोचायची. आता साऱ्यांनाच वाटायला लागलं की मी टोचून घ्यायलाच आहे. आणि कोपऱ्यातल्या बाकावरच्या मुलीचं? तिची वही मागे येता येता वाटेत फाटायची. गटानं करायचं काम आलं की सगळ्या म्हणायच्या, "बाई, आमचा गट भरला."

मग एकदा सुतार जाळी दुरुस्त करायला आला. लेक शेजारी खिळे घेऊन उभी होती. तिच्या मनगटावर नखांचे वण होते.

"हे काय गं?"

"काही नाही."

"काही नाही कसं? कुणी केलं?"

तिनं सांगितलं. हुंदके देत देत सगळं सांगितलं. सुतारानं हातोडी खाली ठेवली.

"ऐक," तो म्हणाला. "एक ठेवून दे. सणसणीत. पुन्हा वाट्याला जाणार नाही कुणी."

बापाची माया होती ती, मला कळतं. पण आग विझवायला तेल दिलं त्यानं.

दुसऱ्या दिवशी मुलगी आमचं घाण पाणी पत्र्याच्या बादलीत घेऊन निघाली होती. मॉनिटर वाटेत आडवी आली. "अगं, अंघोळीला चाललीस का?" ती म्हणाली. त्या मुलीनं बादली फिरवली. पाणी सांडलं आणि बादलीची कड मॉनिटरच्या भुवईवर बसली. रक्ताची धार लागली.

इतके महिने कुणी धावत आलं नव्हतं. आता सारी शाळा धावत आली.

त्या दुपारी आमच्या अंगणात जो तमाशा झाला, तसा मी कोंबड्यांतही पाहिला नाही. मॉनिटरची आई डॉक्टर होती. तिनं लेकीच्या भुवईला पट्टी बांधली आणि मग तोंडाचा पट्टा सोडला. "माझ्या मुलीचा डोळा गेला असता! ही शाळा आहे की आखाडा? त्या मुलीला काढा. आणि या घाणेरड्या कोंबड्याही काढा."

"आणि तुमची मुलगी काय धुतल्या तांदळासारखी?" सुतार ओरडला. "माझ्या पोरीच्या हातावरचे वण बघा!"

"माझी मुलगी असं करणारच नाही."

"म्हणजे माझी पोर खोटं बोलते?"

"आवाज खाली!" मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांचाच आवाज सर्वांत वर होता. त्यांनी तिथल्या तिथे निकाल दिला: सुताराच्या मुलीनं आठवडाभर शाळेत यायचं नाही आणि महिनाअखेर कोंबड्या खाटकाला द्यायच्या.

ती मुलगी मान खाली घालून बापामागे गेली. तिनं मारलं होतं, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. तिनं काय काय सोसलं होतं, ते पाहणाऱ्या सगळ्या गप्प होत्या.

आता आमचं काम करायला कुणी नव्हतं. बाईंनी नाइलाजानं मैत्रिणीला पाठवलं, कारण पूर्वी ती कधीमधी हाताखाली असायची. ती आली, खराटा उचलला आणि तशीच उभी राहिली. तिच्यादेखत तांबडीनं माझ्या मानेवर झेप घेतली. इतर जणी मागून आल्या. मी जाळीच्या कोपऱ्यात तोंड खुपसलं. तेवढ्यात बाईही तिथे आल्या. रक्त पाहून त्या आत शिरल्या आणि सवयीप्रमाणे त्यांनी मला उचललं.

"बाई, हिला कशाला नेताय?"

मैत्रिणीचा आवाज इतका मोठा होता की ती स्वतःच दचकली.

"अगं, टोचतात ना हिला."

"मग टोचणारीला न्या ना! हिनं काय केलंय? मागच्या वेळी हिलाच नेलंत. परत आणल्यावर जास्त टोचलं तिला. आणि बाई, तिलाही… तिलाही तुम्ही असंच उचलून मागे बसवलंत."

कुणाला, ते बाईंनी विचारलं नाही. त्या मला छातीशी धरून उभ्या राहिल्या. मग त्यांनी मला खाली ठेवलं आणि तांबडीच्या मागे लागल्या. तांबडी हाताला लागेना. बाईंची साडी जाळीत अडकली, चष्मा पडला, पण त्यांनी तिला पकडलं. त्या दिवशी सामानाच्या खोलीतल्या खोक्यात तांबडी गेली.

"आता सांग," बाई पायरीवर बसत म्हणाल्या. "पहिल्यापासून."

"माझं नाव सांगाल?"

"नाही सांगणार."

"मीसुद्धा नाक धरलं होतं, बाई." आणि ती रडायला लागली.

बाईंनी त्यानंतर एकेका मुलीला वेगवेगळं बोलावलं. टोळीत असताना साऱ्यांची तोंडं बंद असतात. एकटी असली की प्रत्येकीला आठवतं. मग त्यांनी दोन्ही घरच्या माणसांना पुन्हा बोलावलं. या खेपेला बाईंच्या सांगण्यावरून मोठ्या बाई गप्प बसून ऐकत होत्या.

"तू हिच्यासमोर दाणे टाकलेस?" बाईंनी मॉनिटरला विचारलं.

मॉनिटर चपलेच्या टोकानं माती उकरायला लागली.

"विचारताहेत त्या. सांग ना, नाही म्हणून," डॉक्टर आई म्हणाली.

मॉनिटरनं मान वर केली नाही. आईनं तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मग ती पायरीवर बसली.

"तीच हसली होती आधी!" मॉनिटर एकदम फुटली. "माझा शर्ट खराब झाला तेव्हा. सगळ्यांसमोर. सर्वांत मोठ्यानं."

सुताराची मुलगी गोंधळली. मग म्हणाली, "हो. हसले होते. तुला लागलं असेल. पण त्याला किती महिने झाले?"

"बघा! कशावरून काय!" सुतार म्हणाला. "म्हणून मी सांगितलं होतं, एक ठेवून दे."

"तेही चुकलं," बाई म्हणाल्या. "तुमच्या सांगण्यामुळे तिची खरी बाजू त्या बादलीत बुडाली."

"मग काय, मार खात बसायचं?"

"नाही. मार खात बस, असं तर मीच सांगितलं होतं तिला. 'दुर्लक्ष कर' म्हणजे दुसरं काय? माझंही चुकलं."

सुतारानं चमकून बाईंकडे पाहिलं. मोठ्या माणसाला 'चुकलं' म्हणताना त्यानं फार वेळा ऐकलं नसावं.

"बादली मारली ते माझं चुकलं," त्याची लेक मॉनिटरला म्हणाली. "तुझी भुवई फुटली त्याचं वाईट वाटतं. पण तू मला सॉरी म्हणू नकोस. मागच्या वेळी म्हणाली होतीस. मला सॉरी नको. ते नाव नको आणि दाणे नकोत. पुन्हा केलंस तर मी तिथेच मोठ्यानं सांगेन. सगळ्यांना ऐकू जाईल असं."

"मला तू आवडत नाहीस," मॉनिटर म्हणाली.

"नको आवडायला," बाई म्हणाल्या. "आवडलीच पाहिजे, असा काही नियम नाही. त्रास द्यायचा नाही, असा आहे."

मॉनिटरचं पद गेलं. चारचौघांत मात्र बाईंनी तिचा पाणउतारा केला नाही. तसं केलं असतं तर वड्याचं तेल वांग्यावर निघालं असतं. पण मधल्या सुट्टीत तिला बाईंजवळ बसावं लागायचं. डबा तिथेच, गप्पाही तिथेच. काय गप्पा व्हायच्या, ते मला माहीत नाही. टोळीला तेवढ्यात कळलं की तिच्याशिवायही सुट्टी जाते. सुताराच्या मुलीला तिचा पहिला बाक परत मिळाला. आणि बादलीबद्दल तिची शिक्षा मात्र पुरी झाली. माफ झाली नाही. ते बरोबरच झालं.

तांबडी परत आली तेव्हा छाती फुगवून आली. आल्या आल्या माझ्या दिशेनं निघाली. पण ती नसताना बाकीच्यांचं टोचणंही थांबलं होतं; तिच्यामागून येणारं कुणी नव्हतं. आम्ही आपल्या दाणे खात होतो. तिनं एक टोच मारली. मी उलट फिरले, मान वर केली आणि घसा फाटेस्तोवर ओरडले. पांढरी येऊन माझ्या बाजूला उभी राहिली. तांबडीनं आमच्याकडे पाहिलं, जमिनीवरचा एक दाणा उगाचच उचलला आणि निघून गेली. ती काही गरीब गाय झाली नाही. आजही ती मला आवडत नाही. पण माझ्या मानेवर पिसं आली.

पांढरी त्या रात्री दांडीवर माझ्याजवळ सरकली. मी तिला हाकललं नाही. पंखही उघडला नाही. काही गोष्टींना वेळ लागतो. मैत्रीणही एके सकाळी खुराड्यापाशी आली. दारातच थांबली. सुताराच्या मुलीनं तिच्याकडे पाहिलं, खराटा पुढे केला आणि म्हणाली, "तो कोपरा राहिलाय." दोघींनी मिळून जमीन खरवडली.

आम्हांला खाटकाकडे कुणी नेलं नाही. बाईंनी आमच्या देखभालीसाठी रोज दोघींची जोडी लावून दिली आणि मोठ्या बाई हो म्हणाल्या. एकीला काम दिलं की ती एकटी पडते, हे त्यांच्या ध्यानात आलं होतं. आता मी अंडी घालत नाही. सुताराची मुलगी ही शाळा संपवून पुढे शिकायला गेली. नव्या मुली येतात, जाळीतून बोट दाखवून विचारतात, ही म्हातारी कशाला ठेवलीय?

मित्रांनो, मला तुमचे लाड नकोत. तुमच्या वर्गात कुणीतरी आज मान खाली घालून बसलं असेल. तुम्हांला माहीत आहे कोण ते. 'दुर्लक्ष कर' असा शहाणपणा त्याला शिकवू नका, 'एक ठेवून दे' असंही सांगू नका. एखाद्या मोठ्या माणसाला जाऊन सांगा. त्यानं ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांगा, दुसऱ्यानं ऐकलं नाही तर तिसऱ्याला. ही चुगली नव्हे. आणि मोठ्यांनो, तुम्ही ऐकत असाल तर एवढंच: उचलायचंच असेल तर टोचणारीला उचला.

एवढं धाडस होत नसेल, तर त्या एकट्या मुलाच्या शेजारी जाऊन बसा. बोलायला काही सुचलं नाही तरी चालेल. टोचायला निघालेल्याला समोर एकाच्या जागी दोघं दिसली, की त्याची पावलं थबकतात. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.